जव्हारचे जुने घर : डागडुजी भिंतींची, कसोटी कागदांची

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अलीकडे तिला ‘घर पाहावे दुरुस्त करून आणि विकून’ अशी पुरवणी जोडली जाऊ लागली आहे. जुनाट किंवा बंद पडलेले घर स्वस्तात घ्यायचे, वर्ष-दीड वर्षात त्याचे रूप पालटायचे आणि चढ्या भावाने ते विकून मोकळे व्हायचे, हा व्यवसाय अमेरिकेत जुना आहे. मुंबई-पुण्याकडे आणि गोव्यातील जुन्या कौलारू घरांच्या बाबतीतही तो आता अपरिचित राहिलेला नाही. मुंबई व नाशिक या दोन्ही महानगरांपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या जव्हार-मोखाड्याकडे गुंतवणूकदारांची नजर वळावी, हे त्यामुळे स्वाभाविकच म्हणावे लागेल. मात्र मुंबईत बसून मांडलेले नफ्याचे गणित या दोन तालुक्यांत लागू पडत नाही. येथे घराची किंमत भिंतींवर आणि कौलांवर जितकी ठरते, त्याहून अधिक ती जमिनीच्या कागदावर कोणाचे नाव आहे यावर ठरते.

आकर्षण कशाचे?

जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. १९४८ मध्ये संस्थानाचे तत्कालीन मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील या गावाची नगरपालिका १९१८ मधील, म्हणजे शतकाहून जुनी आहे. काजूच्या झाडीतील जयविलास राजवाडा, शिरपामाळ, दाभोसा धबधबा आणि वारली चित्रकला यांमुळे पावसाळ्यात व हिवाळ्यात येथे पर्यटकांची ये-जा असते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या अवघी बारा हजारांच्या घरात होती. शेजारचा मोखाडा तालुका त्याहून डोंगराळ आणि विरळ वस्तीचा.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणूजवळील वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. बंदर आणि समृद्धी महामार्ग यांना जोडणाऱ्या द्रुतगती मार्गाची आखणीही जव्हार व मोखाडा तालुक्यांतून करण्यात आली आहे. रस्ता आला की जमिनीचा भाव चढतो, हा अनुभव कोकणपट्टीला नवा नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेल्या, वारस मुंबई-नाशिकला स्थायिक झालेल्या घरांची विचारपूस होऊ लागते. प्रश्न असा की, असे घर घेऊन पुढे ते विकणे कायद्याने व व्यवहाराने कितपत शक्य आहे?

तीन प्रकारची घरे

वरवर पाहता जुने घर म्हणजे जुने घर. परंतु खरेदीदाराच्या दृष्टीने या भागात घरांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार जव्हार शहरातील, बिगरआदिवासी कुटुंबांच्या मालकीच्या घरांचा. व्यापारी, संस्थानी नोकरदार आणि कारागीर यांनी बांधलेली ही घरे. काळ्या दगडाचे जोते, लाकडी खांब व तुळया, उतरते कौलारू छप्पर आणि पुढे ओटा किंवा पडवी अशी त्यांची ठेवण. दुसरा प्रकार गावठाणातील घरांचा. यांची नोंद अनेकदा केवळ ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी उताऱ्यात असते. तिसरा प्रकार शेतजमिनीवर, पाड्यावर उभ्या असलेल्या घरांचा. कारवीचे कूड, शेणामातीचे लिंपण आणि वर कौले किंवा पेंढा असे हे पारंपरिक घर. शासनाच्या घरकुल योजनांमुळे त्याची जागा आता मोठ्या प्रमाणावर पक्क्या घरांनी घेतली आहे.

या तिन्हींपैकी घर घेऊन विकण्याचा व्यवसाय सर्वसाधारण बिगरआदिवासी गुंतवणूकदाराला फक्त पहिल्या प्रकारात, आणि तोही मर्यादित प्रमाणात, करता येतो. दुसऱ्यात कागद अपुरे पडतात. तिसऱ्यात कायदा आडवा येतो, आणि तो विचारपूर्वक आडवा घातलेला आहे.

कायद्याचे कुंपण

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. राष्ट्रपतींनी १९८५ मध्ये काढलेल्या आदेशात त्यांचा समावेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांत दहापैकी नऊ रहिवासी अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आदींचा समावेश होतो. साहजिकच बहुतेक जमीनही त्यांच्याच नावे आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ६ जुलै १९७४ पासून कलम ३६-अ लागू झाले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा वा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्रीसह इतर हस्तांतरणांसाठी राज्य शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी द्यावी लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या परिसरात ती जमीन घेण्यास एकही आदिवासी तयार नाही, याची खात्रीही जिल्हाधिकाऱ्यांना करून घ्यावी लागते. २०१६ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी त्यात ग्रामसभेच्या पूर्वमंजुरीची भर पडली. शहराच्या हद्दीत ग्रामसभा नसली, तरी कलम ३६-अ तेथेही लागू असते.

अनेकांचा असा समज असतो की, हे निर्बंध शेतीला आहेत, घराला नाहीत. हा समज महागात पडू शकतो. कायद्याचा आधार जमिनीचा भोगवटा हा आहे. घर त्या जमिनीवर उभे असल्याने विटा-कौलांचा व्यवहार जमिनीपासून तोडता येत नाही. एका आदिवासीने दुसऱ्या आदिवासीला जमीन विकतानाही कलम ३६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. शिवाय घराखालची जमीन अकृषिक झालेली नसेल, तर ती खरेदी करणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, ही कूळकायद्याची अट निराळीच.

हे कुंपण का घालावे लागले, याचे उत्तर या भागाच्या इतिहासात आहे. सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडून जुन्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासींनी जमिनी गमावल्या आणि आपल्याच जमिनीवर वेठबिगारी केली. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेला वारल्यांचा लढा याच परिस्थितीतून उभा राहिला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवून देणारा स्वतंत्र कायदाही राज्याने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या खटल्यात तो वैध ठरविला. आर्थिक दुर्बलाला स्वतःची जमीन विकण्याचे ‘स्वातंत्र्य’ दिले की ती जमीन त्याच्या हातून जाते, हा या साऱ्या कायद्यांमागील अनुभव आहे.

पळवाटांची किंमत

कुंपण आले की पळवाटाही आल्याच. आदिवासी ओळखीच्याच्या वा नोकराच्या नावे खरेदीखत करून ताबा आपल्याकडे ठेवणे, नोंदणी न करता स्टॅम्पपेपरवर करार करणे, न परतणाऱ्या कर्जापोटी घर ‘सांभाळायला’ घेणे किंवा कुलमुखत्यारपत्राच्या आधारे दीर्घ मुदतीचा ताबा घेणे, हे त्यांतील नेहमीचे प्रकार. जुने घर दुरुस्त करून विकणाऱ्याला यांतील एकही मार्ग उपयोगाचा नाही. कारण त्याला अखेर नव्या ग्राहकाला निर्वेध मालकी द्यायची असते, आणि जे स्वतःपाशी नाही ते दुसऱ्याला देता येत नाही.

केवळ कुलमुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. दुसऱ्याच्या नावे केलेली खरेदी बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली येते. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मालमत्ता जप्त होण्याबरोबरच एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिच्या जमिनीवरून बेकायदा हुसकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे असा व्यवहार जुना झाल्याने पवित्र होत नाही. कलम ३६-अ चा भंग झाल्याचे आढळल्यास जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात. मूळ आदिवासी मालक किंवा त्याचे वारस यांना ६ जुलै २००४ पासून तीस वर्षांच्या आत अर्ज करता येतो. म्हणजे पाच-पंचवीस लाख खर्चून सजविलेले घर, दोनदा विकले गेल्यानंतरही, मूळ जमीनमालकाकडे परत जाऊ शकते. दुरुस्तीचा खर्च मात्र कोणी परत करीत नाही.

कागदांची तपासणी

शहरातील बिगरआदिवासी मालकीचे घर असले तरी पहिला खर्च गवंड्यावर करू नये, तो वकिलावर करावा. नगर भूमापन झालेल्या जागेची मिळकत पत्रिका, इतरत्र सातबारा व आठ-अ, जुने फेरफार, नगरपालिकेचा करआकारणी उतारा आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील किमान तीस वर्षांचा शोध अहवाल एवढी कागदपत्रे एकत्र ठेवून वाचली पाहिजेत. त्यांत तीन गोष्टी प्रामुख्याने पाहाव्यात.

एक, मालकीच्या साखळीत कोठेही आदिवासी खातेदाराचे नाव आहे काय? असल्यास ते हस्तांतरण कोणत्या वर्षी व कोणत्या आदेशाने झाले? दोन, जमीन भोगवटादार वर्ग एकची आहे की दोनची? वर्ग दोन असल्यास विक्रीपूर्वी परवानगी आणि अनेकदा नजराणा भरावा लागतो. तीन, वारस किती आणि कोठे आहेत? जुन्या घरांचे व्यवहार बहुधा येथेच अडतात. आजोबांच्या नावे असलेल्या घराला तिसऱ्या पिढीत पंधरा-वीस वारस असणे अपवादात्मक नाही. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. ‘बहिणींनी तोंडी हक्क सोडला’ हे उत्तर चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोड पत्र हवे किंवा सर्वांच्या सह्या हव्यात.

घरात भाडेकरू असल्यास महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण त्याला आहे. रिकाम्या घराचा भाव देऊन भरलेले घर घेऊ नये. स्थानिक वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागविणे हा जुना पण अजूनही उत्तम उपाय होय. गावठाणातील घरांसाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत. अशी पत्रिका नसेल, तर नमुना आठ ही केवळ कर कोणाकडून वसूल करावयाचा याची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे, हे ध्यानात ठेवावे. बँकाही त्यावर कर्ज देण्यास सहसा तयार नसतात. बँक आपल्याला कर्ज देत नसेल, तर उद्याच्या ग्राहकालाही देणार नाही, आणि रोखीने घेणारा ग्राहक नेहमीच भाव पाडून मागतो.

भिंती, छप्पर आणि पाणी

कागद निर्वेध असल्याची खात्री पटल्यावरच घराकडे वळावे. या भागात घराचा पहिला शत्रू पाऊस आणि दुसरा वाळवी. तपासणी त्यामुळे वरून खाली करावी. कौले फुटली असतील तर ती बदलता येतात. त्यांखालील रीपा व वासे कुजले असतील तर खर्च वाढतो आणि आढे किंवा तुळई झुकली असेल तर सारे छप्परच उतरवावे लागते. लाकडावर टोकदार हत्यार टोचून पाहिले तर आतून पोकळ झालेला भाग सापडतो. खांब जोत्यावर टेकतो ती जागा आणि तुळई भिंतीत शिरते ती जागा, या दोन ठिकाणी वाळवी व ओल प्रथम पोहोचते.

चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जांत बांधलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे ही नूतनीकरणातील नेहमीची चूक होय. जुनी भिंत जमिनीतून ओल शोषते आणि बाहेर टाकते. सिमेंटच्या घट्ट थराने ती ओल आत कोंडते, क्षार फुलतात, रंग सुटतो आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पोकळ वाजू लागतो. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा द्यावा. छताला उंची असणे, वाऱ्याला आरपार वाट असणे आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर पडणे हे जुन्या घराचे गुण आहेत. खोटे छत ठोकून व ओटा बंदिस्त करून ते घालविणारा माणूस पैसे खर्च करून घराची किंमत कमी करतो.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसराला भूकंपाचे छोटे-मोठे धक्के बसत आले आहेत. त्यामुळे याच जिल्ह्यातील जुन्या घराची डागडुजी करताना भिंती एकमेकींशी व छपराशी नीट बांधल्या आहेत की नाहीत, हे संरचना अभियंत्याकडून तपासून घेणे श्रेयस्कर. रंगरंगोटी, कौले बदलणे, फरशी अशा किरकोळ कामांना बांधकाम परवानगीची गरज सहसा नसते. भिंत पाडणे, मजला चढविणे किंवा क्षेत्र वाढविणे यासाठी मात्र नगरपालिकेची परवानगी हवी. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली त्यासाठी पाहावी लागते. जुने सागवान एका घरातून दुसरीकडे नेताना वन विभागाच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. तोही आधीच सोडवावा.

आणि पाणी. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकरची वाट, हे जव्हार-मोखाड्याचे विसंगत वास्तव आहे. पर्यटक म्हणून श्रावणात घर पाहायला आलेला ग्राहक एप्रिलमध्ये पुन्हा येतो तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. नळजोडणी, साठवण टाकी, छपरावरील पाण्याचे संकलन आणि नीट चालणारे स्वच्छतागृह यांवर केलेला खर्च परत मिळतो. गुळगुळीत संगमरवर आणि काचेच्या दर्शनी भिंतीवरील खर्च सहसा मिळत नाही.

हंगाम आणि हात

मुंबईतील सदनिकेचे काम बाराही महिने चालते. जव्हारला छप्पर उघडण्याची मुभा साधारणपणे पावसाळा सरल्यापासून मेअखेरपर्यंतच असते. कामाचे वेळापत्रक महिनाभर लांबले आणि छप्पर उघडे असताना मृगाचा पाऊस आला, तर नव्या गिलाव्यासह आतील सारे काम पाण्यात जाते.

यात आणखी एक अडचण दडलेली आहे. कोरडा हंगाम हाच या दोन तालुक्यांतील स्थलांतराचाही हंगाम असतो. भाताची कापणी आटोपली की दिवाळीच्या सुमारास अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी, वसई, वाडा परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी जातात. म्हणजे जेव्हा घराचे काम काढता येते, तेव्हाच कामाचे हात गावात कमी असतात. स्थानिक गवंडी व सुतार यांच्याशी आधीच बोलून ठेवणे आणि वेळच्या वेळी योग्य मजुरी देणे हा माणुसकीचा भाग तर आहेच, शिवाय तो व्यवहाराचाही आहे.

नफ्याचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जव्हार शहरातील एक जुने घर २० लाख रुपयांना मिळाले. दुरुस्तीचा अंदाज ८ लाख आणि विक्रीची अपेक्षा ३६ लाख. वरवर पाहता नफा ८ लाखांचा. आता उरलेले खर्च मांडू. मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून सात टक्के धरले तर १ लाख ४० हजार. वकील, मोजणी व किरकोळ खर्च ६० हजार. जुन्या घरात भिंत उकरल्यावर जे निघते ते अंदाजपत्रकात नसते. त्यासाठी दुरुस्तीच्या वीस टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार. पंधरा लाखांच्या कर्जावर दहा टक्के दराने दीड वर्षाचे सरळ व्याज २ लाख २५ हजार. विक्रीच्या वेळी मध्यस्थाचे दोन टक्के, म्हणजे ७२ हजार. एकूण खर्च ३४ लाख ५७ हजार. हाती उरले १ लाख ४३ हजार आणि त्यावर प्राप्तिकर निराळा.

ग्राहक मिळायला आणखी सहा महिने लागले तर व्याजापोटी ७५ हजार जाऊन ६८ हजार उरतात. पूर्ण वर्ष लागले तर सात हजारांचा तोटा होतो. बारा हजार वस्तीच्या गावात ३६ लाखांचा ग्राहक कधी येईल, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. म्हणूनच या व्यवसायात नफा विकताना होत नाही, तो घेताना ठरतो, असे म्हटले जाते. खरेदीचा भाव दोन लाखांनी कमी झाला तरच वरील गणिताला श्वास घ्यायला जागा मिळते.

हा धोका केवळ नवख्यांनाच असतो असे नाही. अमेरिकेतील झिलो या बड्या कंपनीने संगणकीय अंदाजांच्या आधारे हजारो घरे विकत घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकण्याचा उद्योग आरंभला होता. भावांचा अंदाज चुकल्याने मोठा तोटा सोसून नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने तो गुंडाळण्याचे जाहीर केले आणि सुमारे पंचवीस टक्के कर्मचारी कमी केले. कॅनडाने जानेवारी २०२३ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या घराचा नफा व्यवसायाचे उत्पन्न मानण्यास सुरुवात केली. सिंगापूरने जुलै २०२५ मध्ये विक्रेत्यावरील मुद्रांक शुल्काची मुदत तीनवरून चार वर्षांवर नेली. घर हे राहण्यासाठी असते, या भूमिकेतून झटपट विक्रीला आवर घालण्याकडे जगभरच सरकारांचा कल दिसतो.

आपल्याकडेही कररचना धीर धरणाऱ्याच्या बाजूची आहे. चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ ठेवलेल्या घराच्या विक्रीवरील नफा दीर्घ मुदतीचा मानला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी विकले तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्या त्या टप्प्याच्या दराने कर बसतो. एकामागून एक घरे घेऊन विकणाऱ्याचे उत्पन्न व्यवसायाचे मानले जाऊ शकते. दुरुस्तीचा खर्च वजा मिळण्यासाठी पावत्या लागतात. सुताराला रोखीने दिलेले आणि कोठेही न लिहिलेले पैसे कराच्या दृष्टीने खर्चच नव्हेत. विक्रीच्या मोबदल्यापोटी वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रोख घेण्यासही मनाई आहे. महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षे पुरुषाला न विकण्याची तिच्याशी निगडित अट २०२३ मध्ये रद्द झाल्याने पुनर्विक्रीतील तो अडसर दूर झाला आहे.

हिशेबात न धरलेली बाजू

या साऱ्या गणितात विकणारा माणूस बहुधा दिसत नाही. आजारपण, लग्नकार्य किंवा कर्ज यांसाठी घर विकायला काढलेल्याला बाजारभाव कळण्यापूर्वीच व्यवहार उरकला जातो. दोन वर्षांनी त्याच घराच्या दुप्पट किमतीची बातमी त्याच्या कानी येते. दुरुस्तीचे श्रम आणि जोखीम यांचा मोबदला घेणे गैर नाही. विकणाऱ्याच्या अज्ञानाचा मोबदला घेणे मात्र गैर आहे. शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील दर संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. विक्रेत्याने ते पाहिल्याशिवाय आणि स्वतःचा वेगळा वकील केल्याशिवाय विसार पावतीवर सही करू नये.

घेणाऱ्याचीही एक बाजू आहे. महारेराची नोंदणी मोठ्या प्रकल्पांना लागते. एकट्या जुन्या घराच्या पुनर्विक्रीला ती लागत नाही. त्यामुळे नव्या रंगामागे दडविलेल्या वाळवीबद्दल ग्राहकाला त्या कायद्याचा आधार मिळत नाही. नुकतेच नूतनीकरण झालेले घर घेणाऱ्याने कामाची छायाचित्रे, बिले आणि अभियंत्याचा अहवाल मागावा आणि एक पावसाळा झेललेले घर शक्यतो पसंत करावे.

घर विकण्यापेक्षा ते राखण्यातही उत्पन्न असू शकते. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करून घराच्या मूळ मालकाला पाहुण्यांची सोय करता येते. आदिवासी कुटुंबाने स्वतःचे कौलारू घर दुरुस्त करून अशा प्रकारे चालविले, तर त्यात हस्तांतरणच नसल्याने कलम ३६-अ चा प्रश्न उद्‌भवत नाही आणि जमीनही हातची जात नाही. वारली चित्रे आणि नाचणीची भाकरी यांसाठी येणाऱ्या पाहुण्याला मुंबईच्या सदनिकेसारखी खोली नकोच असते.

जव्हार-मोखाड्यातील जुने घर घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच प्रथम स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे घर विकले गेले नाही, तर त्यात राहण्याची आपली तयारी आहे काय? उत्तर होकारार्थी असेल आणि कागद निर्वेध असतील, तर छप्पर उतरविण्यास हरकत नाही. उत्तर नकारार्थी असेल, तर वाढवण बंदर व महामार्ग यांच्या भरवशावर घेतलेले घर पुढील अनेक पावसाळे आपल्याच माथी गळत राहण्याची शक्यता अधिक. ज्या व्यवहारात एखाद्या आदिवासी कुटुंबाचे नाव सातबाऱ्यावरून पुसावे लागते, त्यातील नफ्याचा तर विचारही मनात आणू नये.